एका आड एक पान

ओढा आटल्याचं गावात सगळ्यांत आधी कळलं ते इस्त्रीवाल्याच्या घरात. शेतकऱ्याला पाणी गेल्याचं पीक पिवळं पडल्यावर कळतं, गवळ्याला चरवी हलकी लागल्यावर. पण ज्यांचं पोट दुसऱ्यांच्या मळावर चालतं, त्यांना पाणी बोटभर उतरलं तरी कंबरेत कळतं, कारण तेवढं जास्त वाकावं लागतं. हिवाळा सरता सरता ओढ्याचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला, चिखलाला भेगा पडल्या. मग इस्त्रीवाल्याच्या बायकोने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि तासभर चालून दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या हिरव्या पाण्यावर धुणं न्यायला सुरुवात केली. खाणीत उतरायचं ते तुटक्या कडांवर पाय रोवत. "उतरताना गुडघे बोलतात," ती म्हणायची, "चढताना शिव्या देतात."

घरात तिघंच. नवरा, बायको आणि पंधरा वर्षांची पोर. पोरीला सगळी गल्ली ठिपकी म्हणायची. सातव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. आता दिवस उगवला की मावळला एवढं तिला कळे, तेही आभाळ स्वच्छ असलं तर. ठिपकी हे नाव पडलं फिरत्या बाईंमुळे. या बाई आठवड्यातून दोनदा सायकलवर यायच्या, जाड कागदाला टोच्याने टोचून उंचवटे उमटवायच्या आणि ते बोटांनी वाचायला शिकवायच्या. ब्रेल म्हणतात त्याला. पोरीने पहिल्यांदा अख्खी ओळ बोटाने वाचून दाखवली तेव्हा गल्लीला जादू वाटली, आणि गल्लीने जादूचं कौतुक करायचं सोडून तिला नाव ठेवून टाकलं.

तिला त्याचं काही नव्हतं. तिची बोटं म्हणजे घरातला चौथा माणूस होती. धुऊन आलेल्या ढिगातून सदरे ती निवडायची. कॉलर चाचपून सांगायची, हा दुकानदाराचा, हा मास्तरांचा, आणि हा ज्याचा कुणाचा आहे त्याने तंबाखू सोडल्याचं बायकोला खोटं सांगितलंय. इस्त्रीत कोळसे भरणं, फुंकणं, कपड्यावर पाणी शिंपडणं, सगळं तिचं. पाणी शिंपडायला हल्ली तिला वाटीभरच मिळायचं, आणि त्या वाटीत ती दहा घरांचे सदरे भिजवायची.

यंदा ती दहावीला होती. शहरात अंध मुलींचं वसतिगृह होतं, त्याला लागून कॉलेज. बाईंनी बदली होऊन जाण्याआधी खटपट करून तिच्यासाठी तिथे एक खाट राखून ठेवली होती. अट एकच, एका दमात किंवा पुरवणीत, दहावी पूर्ण पास. नाही झाली तर खाट दुसरीला. आणि ठिपकीला खाण. आईचे गुडघे पुढचा उन्हाळा काढणार नव्हते हे कुणी बोलत नव्हतं, पण आई हल्ली गाठोडं बांधताना दुसरं, लहान गाठोडंही बांधून बघायची. कुणाच्या डोक्याच्या मापाचं, ते ठिपकीला न विचारता कळायचं.

बाकीच्या विषयांच्या वह्या बाईंनी स्वतः टोचून दिल्या होत्या. अडलं होतं विज्ञान. विज्ञानाची ब्रेल पुस्तकं बाईंनी वरच्या कार्यालयातून मागवली होती. शाळा सुरू झाल्यावर येतील म्हणाल्या होत्या. शाळा सुरू झाली, सहामाही झाली, ठिपकी दर सोमवारी ऑफिसच्या दाराशी जाऊन उभी राहायची.

"आली का?"

"कोण?" शिपाई विचारायचा. त्याला माहीत असायचं कोण.

"पुस्तकं."

"आली की सांगावा धाडतो. मोटार धाडू की घोडा?"

परीक्षेला वीस दिवस राहिले आणि ऑफिसात पाण्याच्या माठाखालचं खोकं फसकन खाली बसलं. माठ कलंडला, फुटला, शिपायाने दोन शिव्या हासडून खोकं बाहेर ओढलं. पुठ्ठा भिजून लापशी झाला होता. आत जाडजूड चार बाडं, दोरीने बांधलेली. विज्ञानाच्या सरांनी एक उघडलं.

"हे काय रे?"

"कोऱ्या वह्या आहेत सर. पावसाळ्यातच आल्या. छापायचं विसरले बहुतेक. म्हणून मग माठाखाली घेतल्या, उंची बरोबर होती."

सरांनी पानावरून हात फिरवला. बोटांना ठिपके लागले. मग म्हणाले, "इस्त्रीवाल्याला बोलाव."

ठिपकीचा बाप दुपारी शाळेत गेला तेव्हा तीही त्याच्या खांद्याला धरून गेली. आठ महिने पुस्तकं तिच्यापासून सात पावलांवर होती. दर सोमवारी ती ज्या दाराशी उभी राहायची, त्याच्या आत, उजव्या हाताला. माठ ठिबकायचा तो आवाजसुद्धा तिने ऐकला होता.

"इथे सही कर," शिपाई बापाला म्हणाला. गल्लीतली पोरंही बापाला अहो म्हणायची, शिपाई अरे म्हणायचा. "चार भाग, सुस्थितीत मिळाले."

"ओले आहेत की हो."

"ओलं म्हणजे काय खराब? तू रोज ओलं घेतोस आणि कोरडं करून देतोस. कर सही. आणि सांभाळ. परत द्यायचीत. एक पान खराब निघालं तर वर कळवतात, मग पुढे तुझ्या पोरीच्या नावाने चिटोरासुद्धा येत नाही."

बापाने सही केली. त्याला स्वतःचं नाव लिहिता यायचं आणि कपड्यांवरचे आकडे. मग त्याने चारही बाडं मुलासारखी छातीशी धरली. त्याच्या सदऱ्याला माठाचं पाणी लागलं.

घरी ठिपकीने पहिल्या भागावर बोटं ठेवली. पानं ओली आणि एकमेकांना चिकटलेली. उंचवटे होते, पण मऊ पडलेले, दाबलं की बसतील असे. तिने बोट उचलून घेतलं.

"वाचता येतंय का?" बापाने विचारलं.

"येईल. वाळू दे आधी. हात लावला तर मोडतील."

"वाळवायला घातली तर पानं वाकडी होतील," आई म्हणाली. "ओल्या कागदाची पापडी होते. वाऱ्यावर ठेवलीत तर गाव गोळा करत फिरावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या चाळीस चादरी आल्या होत्या. चाळीस चादरी एकटीने खाणीतून वर आणणं आईला शक्य नव्हतं. ठिपकी तिच्याबरोबर गेली. दिवसभर ती गुडघाभर हिरव्या पाण्यात उभी होती, चादरीचं एक टोक धरून पिळत. दुसऱ्या टोकाला आई. चादरींवर डाग होते, बोटाला कडक लागणारे. आई म्हणायची, "हुंगू नकोस, घास." वर चढताना ओलं गाठोडं मानेत रुतलं आणि पाणी पाठीवरून खाली कमरेत उतरलं. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला आई मधल्या कडेवर खाली बसली आणि उठेना. "तू हो पुढे," ती म्हणाली. "मी येते. मी कुठे जाणार आहे."

पुढे व्हायचं म्हणजे कुठे, ते ठिपकीला दिसत नव्हतं. ती तिथेच उभी राहिली, आईला श्वास मिळेपर्यंत.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा बाप दारातच उभा होता. त्याच्या आवाजाला कडक घडी होती.

"हात धू आणि ये."

टेबलावर चार बाडं. कोरडी. कडा एकसारख्या, दोरी पुन्हा ओवलेली. कागदाला ऊब होती आणि जळत्या कोळशाचा बारीक वास.

"सव्वातीनशे पानं," बाप म्हणाला. "एकेक सुटं केलं. मास्तरांचे सदरे तसेच पडलेत, त्यांनी दोनदा माणूस पाठवला, परत लावला. म्हटलं आज इस्त्री माझ्या घरची आहे."

ठिपकीने कागदावरचा हात उचलला. "इस्त्री फिरवली?"

"घाबरू नकोस. तुझा बाप काय काल धंद्याला लागला? नक्षीचं कापड कसं करतात? उलटं घालायचं. खाली घोंगडीची चौपदरी घडी, तिच्यावर नक्षीची बाजू, आणि पाठीवरून इस्त्री. नक्षी घोंगडीत रुतते, उभीच्या उभी राहते. वर हलकीशी खळ मारली. आता हे ठिपके तुझ्या नातवंडांपर्यंत बसत नाहीत. बघ हात लावून."

तिने पहिल्या पानावर बोटं टेकवली. ठिपके होते. उभे, टणक, करकरीत. बाप खोटं बोलत नव्हता. ती पहिली ओळ वाचून गेली, दुसरी गेली, तिला हसूच आलं. तिने पान उलटलं.

दुसरं पान ताटासारखं सपाट होतं.

तिने पुन्हा हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. खळ लागून कागद इतका गुळगुळीत झाला होता की बोट घसरत होतं. तिसरं पान होतं. चौथं नव्हतं.

बाईंच्या हातच्या वह्या एकाच बाजूने टोचलेल्या असायच्या. बापाने आयुष्यात तेवढंच ब्रेल पाहिलं होतं. छापखान्यातली पुस्तकं दोन्ही बाजूंनी उठवतात, या बाजूच्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत त्या बाजूचे. पुढची बाजू घोंगडीत मजेत बसली होती. मागच्या बाजूवर त्याने दिवसभर, सव्वातीनशे वेळा, सगळा भार टाकून इस्त्री दाबली होती.

"काय झालं?" बाप म्हणाला. "चुकलं का काही?"

त्याचा हात टेबलावर तिच्या हाताशेजारी होता. तापलेला, सुजलेला. खांदा उतरल्यासारखा तो एका बाजूने श्वास घेत होता.

"छान झालंय," ठिपकी म्हणाली. "एकदम नवं."

"बघ," तो बायकोला म्हणाला.

"मास्तरांचे सदरे कोण करणार ते बघा," आई म्हणाली आणि आडवी झाली.

सपाट पानं कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. वर्गातली शेजारीण आपलं छापील पुस्तक घेऊन दोन दिवस आली. ती मागे कुत्रं लागल्यासारखी वाचायची, पण वाचायची. तिसऱ्या दिवशी तिची आई दारात आली. "आमच्या पोरीचीपण दहावीच आहे हो," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या पोरीचं काय, झाली पास तर पास. आमच्या पोरीला नापास होऊन चालणार नाही." त्यानंतर शेजारीण रस्त्यात भेटली तरी पाय न वाजवता जायची. ठिपकीला ते न वाजणारे पायही ऐकू येत.

दुसरं कुणाला सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार, आणि या गावात सकाळी सांगितलेलं दुपारी इस्त्रीच्या टेबलावर येऊन पडायचं.

त्यातून बापाने नवाच हट्ट धरला. "मोठ्याने वाच. मी काम करता करता ऐकतो. माझीपण दहावी होईल."

ती मोठ्याने वाचायला लागली, आधी उष्णतेचा तिसरा भाग. एकतिसावं पान वाचलं, की धातू तापला की प्रसरण पावतो, आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. बत्तीस सपाट. ती थांबली. इस्त्री थांबली.

"का गं? अडलं?"

"नाही. बत्तिसावं पान," ती म्हणाली, आणि सपाट कागदावर बोटं फिरवत बोलायला लागली. पहिल्यांदा तिने अंदाजाने सांगितलं, मागचं आणि पुढचं जोडून, बरंचसं बरोबरही असेल. पण अंदाजाला चव नसते. दोन-तीन दिवसांत तिला ते जमायला लागलं, मग आवडायला लागलं. विषम पानं पुस्तकाची, सम पानं तिची. सम पानांवर झाडांची मुळं एकमेकांना पाण्याचा निरोप देत, चुंबकाला म्हातारपण येई, आणि आवाज थंडीत जड होऊन जमिनीलगत चाले. हे सांगताना तिचा स्वर इतका पुस्तकी असायचा की गिऱ्हाइकं चप्पल काढून उभी राहायची.

तिसरा भाग दुसऱ्यांदा वाचताना बत्तिसाव्या पानावर तिने बापाला एक भेट दिली. "जे कारागीर वर्षानुवर्षं तप्त लोखंड हाताळतात," तिने वाचलं, "त्यांच्या तळहाताच्या त्वचेत उष्णता साठून एक अदृश्य थर तयार होतो. यास उष्मकवच असे म्हणतात. उष्मकवच असलेल्या व्यक्तीस भाजत नाही."

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं, शब्दाला शब्द. तेवढं पाठांतर तिच्याकडे होतं.

"उष्मकवच," बाप म्हणाला. मग बायकोला हाक मारून, "ऐकलंस का? पुस्तकात आहे. आमच्याबद्दल."

"गुडघ्यांबद्दल आहे का काही?" आईने खाटेवरून विचारलं.

त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सदऱ्याबरोबर उष्मकवच मिळायला लागलं. बाप तळहात पुढे करायचा. "दाबून बघा. तिसरा भाग, पान बत्तीस." ठिपकी कोळसे फुंकत बसायची आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या, पण तोंड ती कोळशांकडेच ठेवायची.

परीक्षेत तिला लिहायला नववीतली एक मुलगी दिली होती. ठिपकी सांगेल ते तिने लिहायचं. बाकीचे पेपर सुरळीत गेले. विज्ञानाला पहिले चार प्रश्न विषम पानांवरचे आले, तिने धडाधडा सांगितले. पाचवा सम पानावरचा. तिने मनात पान उलटलं आणि तिथे तिचा स्वतःचाच आवाज होता, ठाम, पुस्तकी, पंधरा दिवस मोठ्याने वाचून घोटलेला. खरं कुठलं आणि आपलं कुठलं याची शिवण तिला सापडेना.

"सांग ना," लिहिणारी म्हणाली. "वेळ चाललाय."

ठिपकीने सांगितलं. सहावा, सातवाही सांगितला. लिहिणारी एकदा थांबून "असं असतं?" म्हणाली, पण तिला बोलायची परवानगी नव्हती.

निकालाच्या दिवशी ऊन असं होतं की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. सगळ्या विषयांत पास, विज्ञानात चार गुणांनी नापास. बाप निकाल ऐकून आला तो घरात आलाच नाही. बाहेरूनच म्हणाला, "चल शाळेत."

"कशाला?"

"चूक झालीय त्यांची. अख्खं पुस्तक तू माझ्यासमोर वाचलंस. मला पाठ झालंय, तुला चार गुण कमी कसे पडतील?"

"बाबा, पुरवणी परीक्षा देता येते. फक्त हेडसरांची शिफारस लागते."

"शिफारस घेऊ. आणि विचारू पण."

ऑफिसात हेडसर होते, विज्ञानाचे सर होते, शिपाई स्टोव्हवर चहा करत होता. माठाच्या जागी नवा माठ होता, आता लोखंडी तिवईवर. बाप दारात चपला काढून आत गेला. ठिपकी त्याच्या मागे, खांद्याला धरून.

"साहेब, पोरीचा पेपर नीट तपासला नाही," तो म्हणाला.

"असं?" हेडसर म्हणाले. "तुम्ही तपासणार का?"

शिपाई फुसकन हसला.

"मी अडाणी माणूस. पण मी ऐकलंय ना. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिने वाचलंय. विचारा मला काहीही. कुठल्याही पानावरचं."

"बाबा, चला," ठिपकी म्हणाली. तिने खांदा ओढला. खांदा हलला नाही.

"विचारा की."

विज्ञानाचे सर चहाची वाट बघत होते, त्यांना वेळ होता. "बरं, उष्णता. सांगा."

"धातू तापला की प्रसरण पावतो," बाप म्हणाला. त्याने घसा साफ केला, आणि ठिपकीला कळलं की आता पान उलटणार. "जे कारागीर वर्षानुवर्षं तप्त लोखंड हाताळतात, त्यांच्या तळहाताच्या त्वचेत उष्णता साठून एक अदृश्य थर तयार होतो. यास उष्मकवच असे म्हणतात. उष्मकवच असलेल्या व्यक्तीस भाजत नाही. तिसरा भाग, पान बत्तीस."

मग सर हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडभर. हेडसर हसले. "उष्मकवच," सर म्हणाले, "वा." शिपायाला तर शब्द खाऊसारखा मिळाला, तो दोनतीनदा चघळला.

"पुस्तकात आहे साहेब," बाप म्हणाला. तोही थोडा हसत होता, सगळे हसतात म्हणून.

"पुस्तकात आहे तर खरंच असणार," शिपाई म्हणाला. "दाखव की मग. पुढे कर हात."

"बाबा," ठिपकी म्हणाली.

बापाने हात पुढे केला. शिपायाने स्टोव्हवरची किटली उचलली आणि तळहातावर ठेवली. ठिपकीला ऐकू आलं ते एवढंच, किटलीच्या झाकणाची बारीक थरथर. शिपाई आकडे मोजत होता. सातपर्यंत मोजले. हेडसर म्हणाले, "अरे, पुरे आता," पण त्यांच्याही आवाजात चहाची साखर होती. नवावर शिपायानेच किटली उचलली.

"भाजलं?"

"नाही," बाप म्हणाला. त्याने श्वास आत घेतला तो दातांतून. "उष्मकवच आहे."

पुन्हा हशा झाला. मग विज्ञानाच्या सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा आवाज ठिपकीच्या दिशेने आला.

"तू सांग. शिफारशीत मला लिहावं लागतं की मुलीने पूर्ण पुस्तक वाचलंय. हे तू पुस्तकात वाचलंस, की मनाने बनवलंस? बनवलं असशील तर मी कसं लिहू? आणि पुस्तकात काही बिघाड असेल तर तसं सांग. तुझ्या वडिलांनी सुस्थितीत म्हणून सही केलीय, वर कळवू मग."

ठिपकीच्या जिभेवर दोन उत्तरं होती. एक बोललं तर खाट जात होती. दुसरं बोललं तर सव्वातीनशे पानांवरून फिरलेली इस्त्री पुन्हा एकदा फिरणार होती, या वेळी बापावरून. ती तिसरं शोधत होती आणि ते तिच्या हाताखालीच होतं, घामाने ओला झालेला खांदा.

"मी असलं काही वाचलेलं नाही," ती म्हणाली. तिचा स्वर पुस्तकी लागला. "मी बरोबरच वाचते. बाबांना समजत नाही. अडाणी आहेत. गिऱ्हाइकांना सांगायला मनचं घालतात काहीतरी."

खांदा तिच्या बोटांखाली अगदी थोडा खाली आला.

"हो साहेब," बाप म्हणाला. "मीच घातलं. मनचं."

"तरीच," शिपाई म्हणाला.

सरांनी शिफारस लिहिली. हेडसरांनी शिक्का मारला. चहा कपांत ओतल्याचा आवाज आला, तीन कप.

रस्त्याने बाप पुढे, ती मागे. खड्ड्यांच्या रस्त्याला नेहमी तो उजवा हात मागे करायचा, आज डावा केला. ती मनात वाक्यं जुळवत होती. वाचवलं मी तुम्हाला. वाक्य बरोबर होतं, नुसतं तोंडातून निघत नव्हतं, कारण खाटही वाचली होती आणि आधी कुठलं वाचवलं ते तिला माहीत होतं.

"बाबा."

"पुढे खड्डा आहे," तो म्हणाला. "पाय लांब टाक."

घरी आई खाटेवरच होती. "मिळाली का शिफारस?"

"मिळाली. पोर हुशार आहे."

"हाताला काय झालं?"

"किटली लागली."

"किटली? तुम्हाला? तुम्हाला तर ते कवच." आई हसायला लागली, आणि मग कुणीच हसत नाही म्हणून थांबली.

बापाने फडकं फाडून हाताला गुंडाळलं, दाताने गाठ मारली. डाव्या हाताने कोळसे भरायला लागला, निम्मे जमिनीवर सांडले. ठिपकी ते उचलायला पुढे झाली. "राहू दे," तो म्हणाला. "तुझी परीक्षा आहे. बस वाचत."

ती बसली. तिसरा भाग काढला. एकतिसाव्या पानावर बोटं टेकवून तिने नेहमीसारखं मोठ्याने सुरू केलं, धातू तापला की.

"मनात वाचत जा आता," बाप म्हणाला. "गिऱ्हाईक उभं असतं."

दारात कुणीही उभं नव्हतं, ते तिला ऐकू येत होतं. तिने पान उलटलं. डाव्या हाताला बत्तीस, गुळगुळीत. तिथे काहीतरी आहे असं आता कुणाला दाखवायचं नव्हतं. तिने त्यावरची बोटं उचलली आणि उजवीकडे, तेहतिसावर ठेवली.